ईबी-५ साठी मोसंबीची बाग विकावी का? मुलगा टेक्सासला, आम्ही बदनापूरला

मोसंबीवाला_बदनापूर:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागंल पण वाचून खरं खरं सांगा. मी बदनापूर तालुक्यातला, जालन्याला मोंढ्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, बावीस वर्षं झाली. २०१७-१८ ला समृद्धीत आमची ११ एकर गेली, थेट खरेदीनं दिली, मावेजा सगळा खात्यावरच आला. त्यातलं थोडं घराला लागलं, थोडं बहिणींना दिलं, बाकी एफडी केली आणि जालन्याजवळ एक एनए प्लॉट घेतला. गावाकडं अजून ९ एकर राहिलीये, त्यात साडेचार एकर मोसंबी. २०१२ च्या दुष्काळात आमच्या शिवारातल्या निम्म्या बागा वाळल्या, लोकांनी कुऱ्हाडी लावल्या, आम्ही मात्र टँकर विकत घेऊन एकेका झाडाला बादलीनं पाणी घातलं, मुलगा तेव्हा शाळेत होता, सुट्टीत तोपण बादल्या ओतायचा. ती बाग आहे ही.

मुलगा आता पंचवीसचा. टेक्सासला एमएस केलं, ओपीटीवर, म्हणजे शिकून झाल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर नोकरीला आहे, पगार चांगलाय, पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत दोनदा नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी ओपीटी संपतीये. मुलगी एकोणीसची, संभाजीनगरला बीफार्म करतीये.

मागच्या महिन्यात संभाजीनगरला एका हॉटेलात सेमिनार झाला, व्याह्यांच्या ओळखीतून गेलो. त्यांनी पडद्यावर ईबी-५ म्हणून अमेरिकेची योजना दाखवली, ८ लाख डॉलर तिथं गुंतवा, सगळ्या फॅमिलीला ग्रीनकार्ड, पाच वर्षांनी पैसे परत, तेपण लेखी गॅरंटीसकट. आणि ३० सप्टेंबर २०२६ च्या आत फाईल गेली नाही तर दरवाजा बंद, असं म्हणून ५ लाख रुपये बुकिंग मागायलेत. मी चेकबुक काढलं होतं, आमच्या मंडळींनी कोपरानं ढोसलं म्हणून थांबलो.

माझा हिशेब असा. एफडी २ कोटी ८० लाख. प्लॉटला २ कोटी ४० ला गिऱ्हाईक आहे. बागेसकट ९ एकराचे २ कोटी ३० येतील. म्हणजे सगळं विकलं तर साडेसात कोटी होतात आणि ८ लाख डॉलरचे सात कोटीच्या आसपास होतात, म्हणजे बसतंय असं मला वाटायलंय. अर्ज माझ्या नावानं करायचा असं ते म्हणायलेत. हे करावं का, कोणी केलंय का, आणि ती गॅरंटी खरी असते का? रात्री झोप लागंना म्हणून विचारायलोय.

परभणीची_लेक:

काका, मी मूळची जिंतूर तालुक्यातली, सध्या न्यू जर्सीत, माझं ईबी-५ मधूनच झालंय, बाबांनी जमीन विकून मला पैसे भेट दिले होते. त्यामुळं तुम्ही काय म्हणताय ते मला कळतंय, आणि म्हणूनच आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, बाकी सगळं नंतर वाचा.

अर्ज तुमच्या नावानं केला तर ग्रीनकार्ड तुम्हाला, काकूंना आणि २१ च्या आतल्या अविवाहित मुलांना मिळतं. म्हणजे तुमच्या मुलीला. मुलगा पंचवीसचा आहे, तो त्यात येतच नाही. ज्याच्यासाठी तुम्ही बाग विकायला निघालात तोच बाहेर राहणार. "सगळ्या फॅमिलीला" हे शब्द त्यांनी वापरले, पण तुमच्या मुलांची वयं विचारली का हो काका? विचारली नसतील तर त्यांना तुमच्याशी घेणंदेणं नाही, चेकशी आहे.

मुलासाठी करायचं असेल तर अर्जदार मुलगा पाहिजे आणि तुम्ही त्याला पैसे गिफ्ट द्यायचे, आईवडलांची भेट चालते, तिला कायद्यानं अडचण नाही. फक्त मग देणाऱ्याचे पैसे कुठून आले ते सगळं तुम्हाला दाखवावं लागतं. मुलगा अमेरिकेतच असल्यामुळं त्याला एक फायदा पण आहे, मार्च २०२२ च्या नव्या कायद्यानंतर तिथं कायदेशीर राहणारा माणूस मूळ अर्ज आय-५२६ई आणि ग्रीनकार्डचा आय-४८५ एकाच वेळी भरू शकतो, त्याच्या कोट्यात व्हिसा मोकळा असला तर. मग काही महिन्यांत कामाचा परवाना हातात येतो आणि एच-१बी ची लॉटरी लागो न लागो, नोकरी चालू राहते. माझं तसंच झालं.

आता गॅरंटी. ईबी-५ चा नियमच असा आहे की पैसा जोखमीवर लावलेला पाहिजे. परत मिळण्याची हमी कागदावर लिहून दिली तर तो पैसा जोखमीवर नाही असं धरून अर्जच नामंजूर होऊ शकतो. म्हणजे लेखी गॅरंटी देणारा एकतर खोटं बोलायलाय नाहीतर तुमची फाईल बुडवायलाय, दोन्हींत तोटा तुमचाच. अमेरिकेतल्या व्हर्मोंट राज्यातलं 'जे पीक' (Jay Peak) नावाचं प्रकरण शोधून वाचा, स्की रिसॉर्टचा प्रोजेक्ट होता, ३५ कोटी डॉलरच्या वर ईबी-५ चा पैसा गोळा केला आणि २०१६ ला तिथल्या एसईसीनं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं केस टाकली की २० कोटी डॉलर इकडंतिकडं वापरलेत. गुंतवणूकदार जगभरातले होते, पैसा अडकला तो अडकलाच पण कित्येकांची ग्रीनकार्डंपण लटकली, कारण प्रोजेक्टनं माणशी १० पूर्णवेळ नोकऱ्या तयार करून दाखवल्या तरच पुढचं होतं. आधी मिळतं ते दोन वर्षांचं सशर्त कार्ड, मग आय-८२९ भरून अटी काढायच्या, मी सध्या त्याच पायरीवर आहे.

८ लाख डॉलर हा आकडा खरा आहे पण तो फक्त ग्रामीण भाग, जास्त बेरोजगारीचा भाग किंवा सरकारी पायाभूत प्रोजेक्टसाठी, बाकी ठिकाणी साडेदहा लाख. ग्रामीणला २० टक्के व्हिसा राखीव आहेत आणि फाईलपण आधी बघतात, २०२५ सालात भारतीयांना त्या राखीव कोट्यात रांग नव्हती, जुन्या सर्वसाधारण कोट्यात मात्र वर्षानुवर्षांची रांग आहे. आणि ३० सप्टेंबर २०२६ ची तारीख खोटी नाहीये काका, त्या तारखेपर्यंत भरलेल्या अर्जांना कायद्यानं संरक्षण आहे, पुढं संसदेनं ही योजना चालू ठेवली नाही तरी ते अर्ज निकाली काढावेच लागतील. पण दरवाजा बंद म्हणजे त्यांनी वाढवून सांगितलं, रीजनल सेंटरची, म्हणजे अनेकांचा पैसा गोळा करून प्रोजेक्टला लावणाऱ्या संस्थांच्या योजनेची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. खऱ्या तारखेचा धाक दाखवून बुकिंग घ्यायलेत ते.

कागदांचं वेगळं लिहिते उद्या, ते फार मोठं प्रकरण आहे.

लातूरचा_सीए:

दादा, ताईंनी अर्जदाराचा मुद्दा बरोबर पकडला. मी पैशाचं सांगतो, कारण "बसतंय" हा तुमचा हिशेब बसत नाहीये आणि ते आत्ताच कळालेलं बरं.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस मध्ये, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या योजनेत, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. तुम्ही आणि वहिनी दोघं मिळून पाच लाख. ८ लाख पाठवायचे तर लोक ३१ मार्चच्या आत पाच आणि १ एप्रिलनंतर बाकीचे असं करतात, ते कायदेशीर आहे, वहिनींच्या खात्यावर तुम्ही रुपयात भेट दिली तरी चालते, नवराबायकोत त्यावर टॅक्स नाही. मुलगी सज्ञान आहे, तिचीपण अडीच लाखाची मर्यादा वापरता येते.

पण टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा टॅक्स. एका पॅनवर वर्षाला १० लाख रुपयांच्या वर जे काही पाठवाल त्यावर बँक २० टक्के आधी कापून घेते. डॉलर ८८ धरा, ८ लाख डॉलरचे ७ कोटी ४ लाख झाले, दोघांनी दोन वर्षांत पाठवले तर चार वेळचे ४० लाख वजा जाऊन राहिलेल्यावर २० टक्के म्हणजे जवळपास १ कोटी ३३ लाख. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरल्यावर रिफंड येतो, पण येईपर्यंत तो तुमच्या खिशात नसतो. मूळ रक्कम पूर्ण पाठवून शिवाय हा वेगळा पैसा हातात लागतो. त्यावर रीजनल सेंटरची ॲडमिन फी, ती साधारण ५० ते ८० हजार डॉलर असते, म्हणजे अर्धा कोटी धरूनच चाला, आणि वकील, सरकारी फी वेगळी. ९ कोटीच्या वर पाहिजेत दादा. तुमच्याकडं सगळं विकून साडेसात आहेत.

कर्ज काढून भागवू म्हणाल तर अशा भांडवली गुंतवणुकीच्या रेमिटन्ससाठी बँकांनी कर्ज द्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे.

अजून एक विचारतो, राग मानू नका. प्लॉटचं जे २ कोटी ४० लाखाचं गिऱ्हाईक आहे, तो रजिस्ट्री कितीची करायलाय?

मोसंबीवाला_बदनापूर:

राग कशाला सर, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. रजिस्ट्री १ कोटी १० ची करू, बाकी रोख देतो असं म्हणायलाय तो. आमच्याकडं सगळे व्यवहार असेच होतात ना. इसार म्हणून ११ लाख घेऊन आलाय, मी अजून हात लावला नाही.

लातूरचा_सीए:

मग या कामासाठी तुमच्या प्लॉटची किंमत १ कोटी १० लाखच आहे. बाकीचा १ कोटी ३० लाख दोन नंबरचा झाला, तो बँकेतून बाहेर जाऊच शकत नाही, आणि अमेरिकेच्या अर्जात तर एकेक रुपयाचा माग दाखवावा लागतो. जमीनजुमल्याच्या व्यवहारात २० हजाराच्या वर रोख घेतलं तर आपल्याकडंसुद्धा तेवढाच दंड आहे हे लोक विसरतात. इसार घेऊ नका. पूर्ण पैसे चेकनं देणारा माणूस बघा, २ कोटी ४० च्या जागी २ कोटी आले तरी ते तुमच्या कामाचे. त्यावर लाँग टर्म कॅपिटल गेन लागेल, ते धरा. बागेची जमीन मात्र जालना मनपाच्या हद्दीपासून ६ किलोमीटरच्या बाहेर असेल आणि दुसऱ्या कुठल्या नगरपंचायतीच्या अंतरात येत नसेल तर ती कॅपिटल ॲसेटच धरत नाहीत, तिच्या विक्रीवर टॅक्स नाही.

माजलगावकर_८४:

मी माझं सांगतो, कोणाचं नाव घेत नाही कारण मॅटर ग्राहक मंचात चालू आहे. २०२३ च्या सुरुवातीला मी पोर्तुगालच्या गोल्डन व्हिसासाठी एका कन्सल्टंटला १२ लाख दिले, तिथं फ्लॅट घेतला की रेसिडन्सी, वर्षातून सरासरी सात दिवस राहिलं तरी चालतं, पाच वर्षांनी पासपोर्ट, असं सांगितलेलं. फेब्रुवारीतच तिथल्या सरकारनं बंद करायची घोषणा केली होती, मला कोणी बोललं नाही, मी ऊसाच्या गडबडीत होतो, मला बाहेरच्या बातम्या कुठल्या. ऑक्टोबर २०२३ ला कायदा झाला, घर घेऊन मिळणारा रस्ता बंद, आता फक्त फंडात ५ लाख युरो वगैरे घातले तरच. मी फोन केला तर म्हणे सर मग फंडात करा, अजून एवढे भरा. माझे १२ लाख म्हणे प्रोसेसिंग फी होती, ती परत होत नाही. पावतीवर खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं होतं ते, मी पावती घडी घालून कपाटात ठेवली होती, वाचली नव्हती. तीन चकरा मारल्या, प्रत्येक वेळी काउंटरवरची पोरगी पाणी द्यायची आणि साहेब बाहेर गेलेत म्हणायची.

म्हणून दादा तुमच्या मंडळींनी कोपर मारलं ते लई मोठं काम केलं. बुकिंग म्हणून एक रुपया देऊ नका. खरा वकील आधी तुमची कागदं बघायला मागतो.

औंढा_ते_दुबई:

दुबईत १४ वर्षं झाली, मूळ औंढा नागनाथ. वरच्या भाऊंचं वाचून वाईट वाटलं. या सगळ्या योजना कधी बदलतील सांगता येत नाही हे खरंच आहे, मी जमेल तसं लक्ष ठेवून असतो कारण इथं सगळे हेच बोलत असतात. ब्रिटननं फेब्रुवारी २०२२ ला इन्व्हेस्टर व्हिसा बंद केला, आयर्लंडनं फेब्रुवारी २०२३ ला, ऑस्ट्रेलियानं २०२४ ला, स्पेननं एप्रिल २०२५ ला. कॅनडाची केंद्राची योजना तर २०१४ लाच गेली. ग्रीस चालू आहे पण अडीच लाख युरोत आता मोजकेच प्रकार बसतात, अथेन्स, थेस्सलोनिकी, मोठी बेटं इथं ८ लाख, बाकी ठिकाणी ४ लाख. न्यूझीलंडनं एप्रिल २०२५ ला सोपं केलं पण ५० लाख न्यूझीलंड डॉलर लागतात.

आणि दुबईचा गोल्डन व्हिसा म्हणजे पीआर, कायमचा रहिवास, नाही, हे लोकांना समजावून थकलो. २० लाख दिरहमची प्रॉपर्टी घेतली की दहा वर्षांचा व्हिसा, तो पुढं वाढतो, पण त्यातून नागरिकत्वाचा रस्ता निघत नाही. जुलै २०२५ ला २३ लाख रुपयांत भारतीयांना आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा अशी बातमी फिरली होती, आमच्या गावच्या ग्रुपवर एका दिवसात चाळीस मेसेज, माझ्या चुलतभावानं सोयाबीनच्या पैशावर विचार चालू केला होता, मी त्याला म्हणलं थांब, दोन दिवसांत इथल्या सरकारनं सांगितलं की असं काही नाही.

दादा, तुम्हाला दुबईपण नको आणि ग्रीसपण नको, कारण तुमच्या मुलाची नोकरी टेक्सासला आहे. कोणी "ते नाही तर हे घ्या" म्हणून दुसरा देश पुढं करील, तेव्हा हे लक्षात ठेवा.

परभणीची_लेक:

काल म्हणाले होते कागदांचं लिहिते, सुट्टी आहे म्हणून निवांत लिहिते.

माझ्या वकिलीणबाईंनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, पैसा कुठून आला? मी म्हणाले जमीन विकली. जमीन कुठून आली? आजोबांची. आजोबांकडं कुठून आली? तिथं मी गप्प. बाबांना फोन केला तर ते म्हणाले अगं आपलीच आहे, अख्ख्या गावाला माहितीये. पण अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला गावाची साक्ष चालत नाही. मग बाबा आणि काका दोघं तहसीलला बसले, सातबारा, त्याच्यावरचे सगळे फेर एकामागं एक, वाटणीपत्र, १९५४ चं खासरा पत्रक. त्याच्या मागचा कागद निजामाच्या काळातला, उर्दूत, पत्र्याच्या पेटीत आजीच्या नऊवारीच्या घडीत ठेवलेला, घडीच्या जागी चार तुकडे झालेले. त्यातले आकडेसुद्धा आपल्या ओळखीचे नव्हते, अक्षरांसारखी वळणं होती नुसती, ती रकम, म्हणजे आकडे लिहायची जुनी पद्धत, वाचता येणारे परभणीत एक रिटायर्ड उर्दू मास्तर सापडले, त्यांनी भिंग लावून दोन दिवसांत वाचून काढलं आणि पैसे घेईनात, म्हणाले पोरीच्या कामाला आहे. मग इंग्रजी भाषांतर, त्यावर भाषांतरकाराचं प्रमाणपत्र.

आणि नावं. सातबाऱ्यावर आजोबांचं घरात हाक मारायचं नाव, खरेदीखतावर पूर्ण नाव, बाबांच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं. प्रत्येकासाठी ॲफिडेव्हिट केलं. बाबांनी कधी इन्कम टॅक्स रिटर्न भरलं नव्हतं कारण शेतीचं उत्पन्न, त्याला टॅक्स नाही, पण नवीन कायद्यात मागच्या सात वर्षांचे टॅक्सचे कागद मागतात, मग रिटर्न का नाहीत ते सीएच्या पत्रासकट समजावून द्यावं लागलं, सोबत मोंढ्यातल्या आडतीच्या पट्ट्या लावल्या. बाबांनी त्या पट्ट्या तारेला ओवून ठेवल्या होत्या म्हणून, नाहीतर कुठून आणणार होतो. पूर्ण फाईल ६०० पानांच्या वर गेली. तिला आठ महिने लागले आणि पैसे पाठवायला दोन दिवस. लोकांना वाटतं उलटं असेल.

काका तुमची समृद्धीची ११ एकर हा तुमचा सगळ्यात भक्कम पैसा आहे, खरेदीखत सरकारकडं झालेलं, पैसे थेट खात्यावर. त्याचं स्टेटमेंट, तिथून एफडी, एफडीच्या नूतनीकरणाच्या पावत्या, ही साखळी कुठं तुटू देऊ नका. पण एक विचारते, राहिलेली ९ एकर वर्ग एकची, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणारी आहे ना? आमच्या नात्यात एकांची जमीन मदतमाश, म्हणजे जुन्या इनामाची निघाली, कलेक्टरची परवानगी आणि नजराणा भरल्याशिवाय विकताच येईना, घेणाऱ्याचा इसार परत करावा लागला.

मोसंबीवाला_बदनापूर:

ताई, सीए सर, सगळ्यांचे आभार कसे मानू कळंना. तुमचं सगळं दोनदा वाचलं, मग मंडळींना मोठ्यानं वाचून दाखवलं. वयाचं जे तुम्ही लिहिलं ते वाचून खरंच हातपाय गार पडले, त्यांनी वय विचारलंच नव्हतं ताई. काल मी फोन करून विचारलं की मुलगा पंचवीसचा आहे तर त्याला मिळंल का, तर म्हणाले सर ते नंतर ॲडजस्ट होतं. काय ॲडजस्ट होतं? मी म्हणलं मग आम्हाला नको.

जमीन वर्ग एक आहे, आजोबांनी विकत घेतलेली, आमच्याकडंपण एक उर्दूतला कागद आहे, कधी कोणाकडून वाचून घेतला नाही.

आता मुलाशी बोलायचंय, पण त्याला काय सांगू? ९ कोटी होत नाहीत हे आता मला कळालं. मी तीन-चार महिने त्याला म्हणायलो की काळजी करू नको बाबा करतो काहीतरी. त्याच्यापुढं दुसरा काही रस्ता आहे का तेवढं सांगा.

परभणीची_लेक:

आहे ना काका, रस्ते आहेत, आणि ते तुमच्या बागेवरून जात नाहीत. त्याची डिग्री स्टेममधली, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित यातली असंल तर ओपीटी एकूण तीन वर्षांची असते, म्हणजे मार्चमधली लॉटरी अजून एकदा लागायची संधी आहे का ते बघायला सांगा. विद्यापीठं आणि त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संशोधन संस्था यांच्या एच-१बी ला लॉटरीच नाही, वर्षभर कधीही अर्ज करता येतो, पगार कमी असतो, माझ्या मैत्रिणीचा नवरा असाच एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये डेटाचं काम करतोय. कंपनी मोठी असेल तर कॅनडा किंवा भारतातल्या ऑफिसात एक वर्ष काम करून एल-१ या कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर परत येता येऊ शकतं. बरेचजण कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीतपण जातात, तिथं गुंतवणूक लागत नाही, वय आणि शिक्षणाचे गुण असतात आणि पंचविसाव्या वर्षी वयाचे पूर्ण गुण मिळतात. त्याला म्हणावं कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला या सगळ्यांचं एकदा नीट विचार, लाजू नको, ते त्यांचं कामच आहे.

लातूरचा_सीए:

बागेबद्दल मी एक गोष्ट मुद्दाम लिहितो कारण ती कोणीच सांगत नाही. मुलगा एनआरआय झाला, उद्या तिकडचा नागरिक होऊन ओसीआय (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक म्हणून कार्ड घेतलेला) झाला, तरी तुमची शेती त्याला वारशानं मिळू शकते आणि ठेवता येते. पण शेतजमीन विकत घेता येत नाही, फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बंदी आहे. म्हणजे आज विकलेली बाग तो तिकडं राहतोय तोवर, कितीही डॉलर कमावले तरी, स्वतःच्या नावानं परत घेऊ शकणार नाही. प्लॉट, फ्लॅट घेऊ शकतो, शेत नाही.

आणि दुसरी बाजूपण सांगतो म्हणजे एकतर्फी होणार नाही. ग्रीनकार्डवाल्याला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. इथं शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, तिथं ते धरतात. इथली बँक खाती मिळून १० हजार डॉलरच्या वर गेली की तीपण दरवर्षी कळवावी लागतात. तुम्ही स्वतः अर्ज करून ग्रीनकार्ड घेतलं असतं तर मोसंबीच्या पट्ट्या अमेरिकेच्या रिटर्नात लावाव्या लागल्या असत्या, आणि वर्षातला बराच काळ तिकडं राहावं लागलं असतं. तुम्ही बदनापूर सोडून टेक्सासला राहणार होता का दादा? हे तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंच नाही.

मोसंबीवाला_बदनापूर:

नाही सर. राहणार नव्हतो. ते मनात आलंच नव्हतं, पोराचं होईल एवढंच डोक्यात होतं.

रात्री मुलाशी दीड तास बोललो. त्याला बाग विकायचं माहीतच नव्हतं, मी फक्त पैशाची सोय करतो म्हणायचो. ऐकल्यावर तो बराच वेळ बोललाच नाही, मला वाटलं कॉल कट झाला. मग म्हणाला पप्पा, मी काल नऊ जागी अर्ज केलेत, त्यातली दोन विद्यापीठं आहेत. स्टेममध्येच आहे, एक लॉटरी अजून बाकी आहे त्याची. मंडळी मागून फोन घेऊन त्याला ओरडल्या की हे आधी का सांगितलं नाहीस, तर म्हणाला तुम्हीपण कुठं सांगितलं.

इसारवाल्याला नाही म्हणून कळवलं. एफडीला हात लावत नाही. पण ताई म्हणल्या तसे कागद तर लावूनच ठेवतो, सोमवारी तहसीलला जाऊन सगळ्या फेरांच्या नकला काढतो, आज ना उद्या वाटणीला तरी लागतील. उर्दूच्या कागदाचं तेवढं सांगा, जालन्यात वाचणारा कोणी कुठं शोधू, आणि कागद फार जीर्ण झालाय, घडी उघडायला भीती वाटायलीये.

परभणीची_लेक:

काका, घडी तुम्ही उघडूच नका. आहे तसा प्लास्टिकच्या कडक फाईलीत ठेवा, लॅमिनेशन तर अजिबात करू नका, आमच्या एका भावकीनं केलं आणि शाई उडाली. जुने कागद हाताळणारा जाणता माणूस बघून त्याच्याकडूनच काचेवर हळूच उघडून घ्या आणि लगेच मोबाईलवर सरळ वरून फोटो घ्या, दोन्ही बाजूंचे, मागं शिक्का असतो बऱ्याचदा. वाचणाऱ्यासाठी जुन्या जालन्यात एखाद्या उर्दू शाळेत जाऊन रिटायर्ड मास्तरांची चौकशी करा, नाहीतर रजिस्ट्री ऑफिसबाहेरच्या जुन्या अर्जनवीसांना विचारा, त्यांना माहीत असतं. त्यांच्याकडून आधी नुसतं वाचून घ्या, सर्व्हे नंबर आणि आजोबांचं नाव बरोबर आलंय का बघा. फोटो इथं टाकू नका, मला मेसेजमध्ये पाठवा, मी आमच्या मास्तरांना दाखवते.